निळ्या म्हशीच्या मालकिणीला

अक्का,

काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले, मंडपवाला खुर्च्या टेम्पोत टाकून गेला, आणि आज दुपारी मी ओसरीवर एकटी बसले. तुमची जर्मनची वाटी अजून खांबापाशीच आहे. तळाला निळा गाळ बसलाय. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "अक्का, वाटी तरी विसळत जा की हो." उत्तर आलं नाही म्हणून रडायला आलं. मग माझा मलाच राग आला, कारण तुम्ही होतात तेव्हाही या वाक्याला कधी उत्तर दिलं नव्हतंत.

तुमचा जन्म कुठला, लग्न कधीचं, मागं कोण कोण राहिलं, हे मी लिहीत बसणार नाही. गावाला ते माहीत आहे. मला आपली राहिलेली भांडणं पुरी करायचीत. भांडण अर्ध्यात टाकून उठून जायची तुमची जुनी खोड, आणि या वेळी तर तुम्ही कहरच केलात. शिवाय एक कबुली द्यायचीय. तुमची या घराकडं सगळ्या आयुष्यात एकच मागणी होती. कुणीतरी एकदा तुम्हाला तुमच्या स्वतःच्या नावानं हाक मारावी. ती मागणी तुम्ही माझ्याकडं केलीत आणि मी हसण्यावारी नेली. ते मला गेले तेरा दिवस खातंय.

आपण दोघी जावा एका घरात सव्वीस वर्षं राहिलो. त्यातल्या पहिल्या तेवीस वर्षांत आपल्यात जे बोलणं झालं ते मी वहीच्या एका पानावर बसवून दाखवीन. डबा भरलाय. दूध तापलंय. आर्याला ताप हाय. सिलेंडर संपत आलाय. मी मास्तरीण, सकाळी पर्स घेऊन शाळेवर निघायची. तुम्ही पहाटे उठून सगळ्या घराच्या भाकरी थापून, माझ्या लेकीची वेणी घालून, सात शेळ्या घेऊन माळावर. कडा गावातल्या बायका मला म्हणायच्या, मॅडम, तुमी लई हुशार, नोकरी करून घर सांभाळता. मी मान डोलवायची. घर कोण सांभाळतं ते मला चांगलं माहीत होतं, पण तसं कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही.

मग तुमची पाठ गेली. डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, आणि रानात हिंडायचं तर अजिबात नाही. भाऊजींनी त्याच आठवड्यात शेळ्या बाजारात नेल्या. तुम्ही सातही दावी त्यांच्या हातात दिलीत आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसलात. त्यानंतर आठ दिवस तुम्ही ओसरीवर नुसत्या बसून होतात. हात मांडीवर पालथे. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी काय केलं? शनिवारी अर्धी शाळा करून आले आणि कपाट आवरायला काढलं. माझं हे असंच. कुणाच्या दुःखाकडं बघायचं नसलं की मी कपाट आवरते.

आर्या पुण्याला इंजिनिअरिंगला गेलेली. तिची शाळेतली रंगांची पेटी निघाली, वड्या अर्ध्यामुर्ध्या झिजलेल्या, वाळून भेगा पडलेल्या. मी ती रद्दीच्या ढिगावर फेकली. तुम्ही बसल्या जागेवरून हात लांब करून उचललीत.

"हे टाकलंस व्हय?"

"वाळून गेलंय ते, अक्का."

"वाळलेलं पाण्यानं वलं होतंय की."

आठ दिवसांतलं तुमचं ते पहिलं वाक्य. मी लक्षसुद्धा दिलं नाही.

सोमवारी शाळेतून आले तर तुम्ही मान खाली घालून बसलेल्या. शेजारच्या घरातल्या शेळीच्या शेपटीचे केस कापून आणून तुरकाठीला दोऱ्यानं करकचून बांधले होते, तो ब्रश. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका उसवून तिची आतली कोरी बाजू, तो कागद. आणि कागदावर लाल एसटी. तिच्यात सात शेळ्या. एक खिडकीतून मान काढून ओकत होती. एक दांडीला धरून उभी, गळ्यात कंडक्टरची चामडी पिशवी. एक म्हातारी पदर घेऊन पुढच्या सीटवर, आणि तिच्या मांडीवर गाठोडं. मला हसू फुटलं. विचारलं, "कुठं निघाल्यात ह्या?"

"बाजारातून घरला," तुम्ही म्हणालात.

माझी पर्स खांद्यावरच राहिली. काही बोलावं असं फार वाटलं. आणि काय बोलले मी? "छान आहे अक्का, पण शेळीची मान एवढी लांब नसते." वीस-बावीस वर्षं पोरांच्या वह्या तपासून माणसाचं असं होतं. तुम्ही कागद उचललात आणि आत गेलात.

त्यानंतर आपली भांडणं सुरू झाली. देवा, काय भांडलो आपण! तेवीस वर्षांचं न बोललेलं सगळं त्या रंगांवरून बोलून घेतलं. मी म्हणायची, आधी पेन्सिलनं रेघ मारा, मग आत रंग भरा, बाहेर जाऊ देऊ नका. तुम्ही आधी सगळा कागद पाण्यानं ओला करायच्या आणि ओल्यावर रंगाचा थेंब सोडून द्यायच्या. तो पसरायचा. मी ओरडायची, "गेला, गेला, आवरा!" तुम्ही म्हणायच्या, "जाऊ दी की. त्याला हाकायचं नसतंय, निस्ता राखायचा. शेळीबी तशीच. तिला चरायचं तिकडं ती जातीच. आपण निस्तं ध्यान ठिवायचं, दुसऱ्याच्या पिकात शिरू न्हाई." आणि खरंच, रंग कुठंतरी जाऊन थांबायचा आणि तिथं म्हशीचं पोट तयार व्हायचं.

ती निळी म्हैस! तिच्यावरून तर आपण दोन उन्हाळे भांडलो. मी म्हणते, म्हैस काळी असते. पहिलीतलं पोरगंसुद्धा सांगेल. तुमचं म्हणणं, उन्हाच्या वेळेला डबक्यातून निघाली की तिच्या पाठीवर आभाळ उतरतं आणि ती निळी दिसते. "तू कदी बघितली का? तू तर निस्ती फळ्यावर बघती." चार दिवसांपूर्वी दहाव्याहून परत येताना ओढ्यात एक म्हैस पाण्यातून वर आली. मी मुद्दाम थांबले. भरदुपार होती, पाणी निथळत होतं, सगळं तुम्ही सांगितलं तसंच. अक्का, मला ती काळीच दिसली. खोटं कशाला बोलू? तुमच्यासाठी गळा काढीन पण म्हैस निळी म्हणणार नाही. हे भांडण आपलं चालू राहू दे.

हळूहळू तुमच्या जनावरांत घरातली माणसं शिरायला लागली. पहिली मी. चष्मा घातलेली शेळी, हातात छडी, पुढं बसलेली करडं तिचंच पुस्तक खातायत आणि तिला पत्ता नाही. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, माझी होती तशीच. मी दोन दिवस फुगून होते. तिसऱ्या दिवशी ते चित्र शाळेत नेऊन स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवलं. मग भाऊजी निघाले, कोंबडा होऊन, बुलेटवर, तुरा वाऱ्यावर. भाऊजींनी आयुष्यात बुलेट चालवली नाही, त्यांची स्वप्नातली होती ती. ते चित्र त्यांनी आपल्या दुकानात बिलबुकाच्या खाली लपवून ठेवलं होतं, मला नंतर सापडलं.

आणि आत्याबाई. आपल्या सासूबाईंचं चित्र काढायची हिंमत मला झाली नसती, आर्याच्या बापालाही झाली नसती. तुम्ही काढलंत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली जाडजूड कोंबडी, अंड्यांवर बसलेली. अंड्यांत दोन बटाटे, एक लिंबू आणि भाऊजींची टोपी. सगळ्यावर बसलेली, कशालाच हलू देत नाही. आत्याबाईंनी कागद डोळ्याजवळ नेला.

"ही कोंबडी माझ्यावानी का म्हून बघती?"

तुम्ही ब्रश वाटीत फिरवत होतात. "तिची नदर तशीच हाय, आत्याबाई."

म्हातारी एवढी हसली की कवळी पदरात पडली. हसू आवरल्यावर म्हणाली, "दुसरी काढ. आन् मला जरा बारीक काढ." इतक्या वर्षांत त्यांनी तुमच्या हातच्या कुठल्या गोष्टीचं कौतुक केलेलं मी ऐकलं नव्हतं.

तुम्ही कमी बोलणाऱ्या म्हणून सगळे तुम्हाला साध्या समजायचे. मीही. ओसरीवरच्या आपल्या रविवारच्या दुपारींत मला कळलं की तुम्ही सगळ्यांकडं सगळा वेळ बघत होतात. कोण कसं बसतं, कोण कुणाच्या ताटात वाढताना हात आखडतं, कोण रडून आल्यावर तोंड धुतं. सगळं तुमच्याजवळ साठलेलं होतं आणि आता ते शिंगं, शेपट्या, पिसं लावून बाहेर पडत होतं. कुणाला दुखवत नव्हतं, कारण शेळीवर कोण रागावणार?

एका रविवारी मी तुम्हाला एक सांगितलं, जे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आर्या पहिल्यांदा 'आई' म्हणाली ती तुम्हाला. मी दारात उभी होते, शाळेतून आलेली, आणि ती तुमच्या कडेवर होती. तुम्हाला ते आठवतही नसेल असं मी धरून चालले होते. मी म्हटलं, अक्का, मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, वर्षानुवर्षं वाटत राहिलं, तुमची काही चूक नसताना मी तुमच्याशी तुटक वागले. तुम्ही ब्रश धुतलात, पाय दाबत उठलात, चहा टाकलात.

दुसऱ्या दिवशी माझ्या डब्याच्या पिशवीत घडी न घालता ठेवलेला कागद. एक करडू मधोमध उभं, तोंडाला दुधाचा फेस. दोन्ही बाजूंना दोन शेळ्या, एक चष्म्याची, एक बिनचष्म्याची, एकमेकींकडं डोळे वटारून बघतायत. आणि करडू खुशाल दोघींच्या मधून शेपूट उडवतंय. मी तो कागद मधल्या सुट्टीत शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं उभी राहून बघितला. हुंदके देऊन रडले आणि त्याच वेळी हसतही होते. इतक्या वर्षांची अढी तुम्ही एका पत्रिकेच्या पाठीवर सोडवलीत. मी तुम्हाला तेव्हा थँक्यू म्हटलं नाही. संध्याकाळी घरी येऊन म्हटलं, "करडाला पाय पाच कसे?" तुम्ही म्हणालात, "पाचवी शेपूट हाय, चष्मा पूस."

मग गल्ली यायला लागली. आमची गाय काढा, आमची मांजर काढा. ऊसतोडीला जाणारी कौसल्या आली. तिचं कुत्रं ती सहा महिने मागं सोडून जायची आणि तिकडं फडात तिला त्याची आठवण यायची. तुम्ही ते कुत्रं काढलंत, डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रॅक्टरच्या पुढं ऐटीत चाललेलं. तिनं ते फडावरच्या पाचटाच्या कोपीत टांगलं. परत आली तेव्हा चित्र धुरानं पिवळं पडलं होतं. सांगत होती की टोळीतली पोरं सकाळी कामाला निघताना त्या कुत्र्याला रामराम घालायची.

आता माझी चूक. मागल्या वर्षी शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मी ठरवलं, व्हरांड्यात तुमची चित्रं लावायची. हेडमास्तर तयार झाले. मी हौसेनं चाळीस चित्रं निवडली, आणि प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात स्केचपेननं, माझ्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'सौ. सुनंदा'. आपल्याकडं बाईचं नाव लिहायचं तर असंच लिहितात. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. घरी आणून तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही एसटीतल्या शेळ्यांचं चित्र उचललंत, ब्रश पाण्यात बुचकळलात आणि त्या नावावर घासायला लागलात. शाई फुटली, कोपरा निळा झाला, एसटीचं मागचं चाक पुसून गेलं. तुम्ही घासतच होतात.

"अक्का! काय करताय? तुमचंच नाव आहे ते!"

"माझं न्हाई."

"मग कुणाचं?"

"त्या ताटातल्या तांदळाचं."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात. तुमचं 'सुनंदा' त्यातलं. आत्याबाईंना तुमचं माहेरचं नाव गावंढळ वाटलं होतं, म्हणून त्यांनी हे झोकदार नाव ठेवलं. "त्ये तांदूळ दुसऱ्या दिशी शिजवून खाल्ले समद्यांनी," तुम्ही म्हणालात. "नाव तेवढं माझ्या अंगावर ऱ्हायलं."

माझ्या लग्नातही आत्याबाईंनी नवं नाव ठरवलं होतं. मी म्हटलं, माझी सगळी सर्टिफिकेटं वैशालीच्या नावावर आहेत, बदलायचं तर सरकारी राजपत्रात छापावं लागेल. राजपत्र ऐकून त्या घाबरल्या आणि मी वाचले. हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही नुसतं म्हणालात, "तुझ्याजवळ कागद व्हता, वैशे. माझ्याजवळ कुठला कागद?" आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

त्या आठ दिवसांत मला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची, की इतकी वर्षं एका चुलीवरचं खाऊन मला तुमचं खरं नाव माहीत नव्हतं. भाऊजींना विचारलं. ते लाल झाले. "मी कुठं नावानं हाक मारतोय? मी आपलं 'अगं ए' म्हणतो." आत्याबाईंना विचारलं. त्या माळ ओढत होत्या. "चाळीस सालं झाली. कोण ध्यानात ठिवतंय?" आणि तोंड भिंतीकडं केलं. तुमचं माहेर माजलगावच्या धरणात गेलेलं, आईबाप कधीचे गेलेले, भाऊ तुम्हाला ताईच म्हणायचा. म्हणजे ते नाव माहीत असलेलं माणूस जगात एकच उरलं होतं, तुम्ही. शेवटी मी येऊन तुमच्यासमोर बसले आणि कान धरले. खरोखरचे, शाळेतल्या पोरासारखे.

"ठकू," तुम्ही म्हणालात. "ठकूबाई." आणि लाजलात. साठीच्या बाईला स्वतःचं नाव सांगताना लाजताना मी पहिल्यांदा बघितलं.

तेव्हाच मला आणखी एक उलगडलं. तुम्हाला कमी ऐकू येतं असा घरात सगळ्यांचा समज होता. "सुनंदे" म्हणून तीनदा ओरडावं लागायचं. तुमचे कान ठणठणीत होते, अक्का. हाक तुम्हाला लागूच होत नव्हती.

मी म्हटलं, आता सगळ्या चित्रांवर ठकूबाई लिहिते. तुम्ही माझ्या हातातलं पेन काढून घेतलंत. "तू न्हाई. मला शिकीव." मी पाटी काढली, म्हटलं अ पासून सुरुवात करू. "अ नगं. मला माझीच अक्षरं पायजेत. बाकीची तुझ्या शाळंला ऱ्हाऊ दी." बरं बाई. 'ठ' तुम्हाला एका दुपारीत आला. तुम्ही म्हणालात, हे तर पाठमोरं बसून शेपूट वर केलेलं मांजर. 'कू'ला तीन रविवार गेले. त्याची खालची शेपूट कधी डावीकडं जायची, कधी गायबच. मी रागावले, तुम्ही त्याहून जास्त रागावलात, एकदा पाटी अंगणात भिरकावलीत. आणि मग एका दुपारी, ओल्या ब्रशनं, पिवळ्या रंगात, न अडखळता, 'ठकू'. मी ओसरीवर उभी राहून टाळ्या वाजवल्या. आत्याबाई आतून ओरडल्या, "काय झालं गं?" मी म्हटलं, "निकाल लागला!"

संमेलनात व्हरांडाभर तुमची जनावरं होती आणि प्रत्येकाखाली, 'सौ. सुनंदा' पुसून, तुमच्या हातचं 'ठकू'. पोरं चित्रांपुढून हलत नव्हती, बायका आपापली म्हैस ओळखून एकमेकींना दाखवत होत्या. तुम्ही नवं लुगडं नेसून कोपऱ्यात खुर्चीवर बसला होतात, आणि कुणी विचारलं की चित्र कुणाचं, तर पाठीचं दुखणं विसरून उठून बोट ठेवत होतात. "हितं लिव्हलंय. वाच की." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही गल्लीत निघालात, घरोघरी, जी चित्रं आधीच वाटली होती त्यांवर सही करायला. हातात वाटी, ब्रश, पदरात रंगाची पेटी. लोकांना वाटलं पोलिओचा डोस आला. कौसल्या फडातून परतली तेव्हा तिच्या त्या धुरकट कुत्र्यावरसुद्धा केलीत.

एवढं सगळं झालं आणि तरी एक राहिलं. दिवाळीच्या आसपासची गोष्ट. आपण दोघी बसलो होतो, तुम्ही एका बगळ्याला धोतर नेसवत होतात. मान वर न करता म्हणालात, "वैशे, एकदा नावानं हाक मार की मला. ऐकू दी तरी कसं वाटतंय."

आणि मी हसले. म्हटलं, "अक्का, थोरल्या जावेला नावानं कशी हाक मारू? लोक जोड्यानं मारतील." तुम्हीही हसलात. बगळ्याच्या धोतराला काठ काढलात. विषय संपला.

काय झालं असतं हो मारली असती तर? कोण होतं तिथं? जीभ उचलली नाही माझी. शिकलेली म्हणवते स्वतःला. नवरा 'अगं ए' म्हणणार, धाकटे 'अक्का' आणि 'काकू' म्हणणार. रीतीप्रमाणं तुम्हाला नावानं हाक मारू शकणारं घरात एकच वडील माणूस होतं, आणि त्यांना ते नाव आठवत नव्हतं. मग माघ लागला, तुम्ही पाठ जास्त दुखते म्हणालात, आणि ते दुखणं पाठीचं नव्हतं, काळजाचं होतं. आम्ही गाडी काढेपर्यंत तुम्ही गेलात.

तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. तुमची आंघोळ झाली, मळवट भरला. शंभरेक माणूस जमलेलं. बायका रडत होत्या, "सुनंदे गं", "सुनंदाबाई", आणि मला प्रत्येक हाकेला वाटत होतं, ओरडून सांगावं, अहो तिला ते ऐकू जात नाही. पण तेव्हाही मी गप्पच. ओठ चावत उभी.

आत्याबाईंना खुर्चीत बसवून बाहेर आणलं. त्यांचे गुडघे कामाचे नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. पण त्या खुर्चीतून घसरत खाली बसल्या, सरकत तुमच्यापाशी आल्या, आणि तुमचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"ठके," म्हातारी म्हणाली. "ठके गं. ऊठ की, ठके. माझ्या आदी का म्हून निघालीस गं, ठके."

ज्या बाईला लिहिता वाचता येत नाही, जिनं कुठल्या चित्रावरची सही वाचलेली नाही, तिच्या तोंडात ते नाव चाळीस वर्षं होतं. कुठं ठेवलं होतं, का दिलं नाही, ते तीच जाणे. आता मात्र देत होती, पुन्हा पुन्हा, मोकळ्या गळ्यानं, सगळ्या गावादेखत. अक्का, माझं रडणं थांबलं. त्या गर्दीत तुमचा खांदा हलवून सांगावंसं वाटलं, ऐकलंत का? ऐकलंत ना? भाऊजी खांबाला टेकून उभे होते, त्यांचेही ओठ हलले, आणि मला खात्री आहे की ते 'अगं ए' नव्हतं.

आष्टीहून आलेली कुणी पाहुणी माझ्यामागं कुजबुजली, "ठकी कोण वो?" तिला वाटलं असणार, म्हातारीला भ्रम झाला. मी वळून सांगणार, तेवढ्यात आत्याबाईंनीच मान वर केली. डोळे पुसले नाहीत, काही नाही. गावात दवंडी द्यावी तशा आवाजात म्हणाल्या,

"ही. माझी थोरली सून. ठकू नाव हाय तिचं. चितारीण हाय."